भिंतीवरची निवड समिती

मला भिंतीवर बसलेल्या माणसाचा राग येतो. कोचगिरी सुटून काही वर्षं झाली, ब्लडप्रेशरची गोळी सुरू झाली, डॉक्टरांनी मैदानाकडे फिरकू नका म्हणून बजावलं, तरी तो राग तसूभर कमी झालेला नाही. परवा आमच्या मैदानाशेजारून स्कूटरवर चाललो होतो. आतून आवाज आला, "अरे, कोचला काय कळतं का नाय? त्या सात नंबरला काढा आधी!" मी स्कूटर बाजूला लावली आणि आत डोकावलो. मॅच नव्हतीच. पोरं नुसती हातपाय मोकळे करत होती. खेळ सुरू व्हायच्या आधीच सात नंबर नापास झाला होता आणि त्याच्याबरोबर नवीन कोचही.

या भिंतीबद्दल आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर माझा राग तुम्हाला उगाचच वाटेल.

नाशिकरोडला आमच्या वस्तीत एक मैदान आहे. त्याच्या एका अंगाला एका बंद गोदामाची कंपाउंडची भिंत आहे. छातीएवढी उंच, वरून रुंद, बसायला ऐसपैस. आमच्या टीमचे समर्थक या भिंतीवर बसतात. कोणीही कुठेही बसत नाही बरं का. प्रत्येकाची जागा ठरलेली. वडील गेले की त्या जागेवर मुलगा येतो. एका घरात दोन सख्ख्या भावांचा त्या हातभर जागेवरून अबोला आहे, आणि दोघांनीही जन्मात कधी बॉलला पाय लावलेला नाही.

टीम आमच्या गणपती मंडळाची. उत्सवाच्या वर्गणीतून जे उरतं त्यातून बूट, जर्सी, एन्ट्री फी, बाहेरगावी जायला गाडी. त्यामुळे ज्याने वर्गणीची पावती फाडली तो प्रत्येक माणूस स्वतःला निवड समितीवर समजतो. वर आमच्याकडे आणखी एक रीत आहे. सीझन संपला की मंडळाच्या शेडमध्ये जाजम अंथरतात. सगळे बसतात आणि कोच उभा राहतो. वर्गणी दिलेला कोणीही उठून प्रश्न विचारू शकतो आणि कोचने उत्तर द्यायचं, तेही उभ्यानेच. मी शाळेत पी.टी. शिकवायचो. आयुष्यभर पोरांना उभं केलं, आणि वर्षातून एकदा सगळी वस्ती मला उभं करायची.

कोच नेमकं काय करतो, हे या लोकांना कधीच कळलं नाही. त्यांना वाटतं कोचच्या हातात टीव्हीचा रिमोट असतो. खरं सांगू? मॅच सुरू झाली की कोचच्या हातात फार थोडं उरतं. ओरडायचं, ते अर्धं वाऱ्यावर जातं. एखादा खेळाडू काढायचा, दुसरा घालायचा. बास. कोचचं सगळं काम आधीच झालेलं असतं. कोण रात्रपाळी करून आलाय, कोणाचं घरी वाजलंय, कोणाचा गुडघा दुखतोय पण तो सांगत नाही, कोणाला मागे ठेवलं तर चिडेल आणि कोणाला पुढे ठेवलं तर घाबरेल, हे सगळं सरावाच्या वेळी न बोलता बघत राहायचं. अकरा माणसं निवडायची म्हणजे बाकीच्यांना 'नाही' म्हणायचं. हा 'नाही' म्हणण्याचा धंदा आहे. आणि का नाही, ते दर वेळी सांगता येत नाही. ही गोष्ट भिंतीला समजत नाही आणि समजून घ्यायचीही नाही.

भिंतीचे पुढारी नाना जाधव. आयुष्यभर कंडक्टर होते, त्यामुळे आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाचा गोलकीपरसुद्धा दचकायचा. नानांचं फुटबॉलचं सगळं तत्त्वज्ञान दोन शब्दांत होतं: "लांब मार!" बॉल कोणाकडेही असो, कुठेही असो. एकदा चहाच्या टपरीवर त्यांनी मला प्रेमाने समजावलं होतं.

"सर, ते पास-बिस सोडा हो. ह्याने त्याला द्यायचा, त्याने परत ह्याला द्यायचा, काय भाजीपाला वाटताय का? लांब मारला की बॉल तिकडं जातो. तिकडं गेला की गोल होतो. सोपं हाय."

"नाना, तिकडे आपलं कोणी नसतं ना पण."

"मग पाठवा ना! कोच कशाला हाय?"

मी चहाचा कप खाली ठेवला आणि निघालो.

बरं, यातले निम्मे लोक क्रिकेटचे. फुटबॉल बघताना सवयीने विचारायचे, "किती राहिलेत?" पहिली मॅच जिंकली की "यंदा कप आपलाच", ढोलवाल्याला निरोपसुद्धा जायचा. दुसरी हरली की "कोच बदला". मधलं काही नाही. आमच्या गल्लीतला पिठाच्या गिरणीवाला इतका कट्टर, की टीम हरली की आमचा दळणाचा डबा आपोआप मागे सरकायचा. बायको म्हणायची, "अहो, एवढी मॅच जिंका, घरात पीठ संपलंय." मग व्हॉट्सअॅप आलं आणि भिंत लोकांच्या खिशात जाऊन बसली. आता रात्री अपरात्री, जेवता-झोपताना, कोणीही टीम निवडू लागला. ग्रुपवर चक्क मतदान घ्यायचे. अंगठे मोजायचे आणि ती अकरा नावं मला पाठवायचे, खाली दोन हात जोडलेली चित्रं. एका मतदानात तर त्यांनी मला बारा जण पाठवले होते.

इतकं असूनही मी कित्येक वर्षं निभावलं, कारण मुळात मला खेळ आवडायचा. देवळाली कॅम्पातल्या पोरांबरोबर अनवाणी खेळून मी तो शिकलो होतो. शिव्या खायची तयारी होती. पण एक सीझन असा आला की त्या शिव्या मी आजही गिळू शकलेलो नाही. तीच गोष्ट सांगायला बसलोय.

तेव्हा आमच्याकडे एक मुलगा होता. त्याला मी इथे भास्कर म्हणतो, खरं नाव वेगळं आहे. पेठकडचा. डोंगरात वाढलेला, त्यामुळे दम असा की मॅच संपली तरी हा आणखी पळायला तयार. सातपूरला एका कंपनीत कंत्राटी कामगार होता, तिघांत मिळून खोली घेऊन राहायचा. बोलायला लाजरा, पण बॉल पायात आला की वेगळाच माणूस. भिंत त्याच्यावर जीव टाकायची. खोटं कशाला बोलू, मीही टाकायचो.

त्या वर्षी जिल्ह्याच्या लीगमध्ये आम्ही सेमीफायनलला पोचलो होतो. त्यात भास्करची आणखी एक आशा गुंतली होती. एका मोठ्या कंपनीची स्वतःची टीम होती आणि त्या टीमसाठी घेतलेल्या मुलांना ते नोकरीत कायम करायचे. त्यांचे एक साहेब फायनल बघायला येणार होते आणि तेही खास भास्करसाठी. कंत्राटी मुलाला कायम नोकरी म्हणजे काय, हे सातपूर-अंबडच्या कोणालाही विचारा. गावाकडे आई होती, धाकटी बहीण होती. त्याचं सगळं त्या एका मॅचवर होतं.

सेमीफायनलला एक उंच बॉल आला. भास्कर मागे धावत आला, आमचाच गोलकीपर पुढे धावत आला, आणि दोघांची डोकी एकमेकांवर आदळली. आवाज मला बाकावर ऐकू आला. गोलकीपर उठून बसला. भास्कर पडून राहिला. मग आमच्याकडची नेहमीची पद्धत सुरू झाली. कोणी बादली आणली, डोक्यावर पाणी ओतलं, कोणी मान चोळली, आणि भिंतीवरून टाळ्यांचा ताल सुरू झाला, "ऊठ! ऊठ! ऊठ!" आमच्याकडे खेळाडूला असंच बरं करतात. टाळ्या वाजवून.

भास्कर उठला. भिंत शिट्ट्या मारू लागली. तो सेंटरपर्यंत गेला आणि आपल्याच गोलकडे तोंड करून उभा राहिला. भिंत हसली. "अरे तिकडं, तिकडं!" मी हसलो नाही. मी पंचाला हात केला आणि धावत आत गेलो.

"भास्कर, कोणाबरोबर खेळतोय आपण?"

त्याने माझ्याकडे बघितलं. डोळे माझ्यावर होते, पण लागत नव्हते. "शाळेची मॅच हाय ना, सर?"

मी त्याला बाहेर काढलं. भिंतीने बोंब ठोकली. आम्ही ती मॅच कशीबशी जिंकलो, पण मला त्यातलं काही आठवत नाही. मी बाकावर त्याच्या शेजारी बसून होतो आणि तो मला पुन्हा पुन्हा विचारत होता, "सर, किती झाले?" मी सांगायचो. तो मान हलवायचा आणि थोड्या वेळाने परत विचारायचा.

कोचिंगच्या एका शिबिरात एका डॉक्टरांनी आम्हाला हे शिकवलं होतं. ते म्हणाले होते, डब्यात उकडलेलं अंडं ठेवा आणि डबा आपटा. डब्याला पोचासुद्धा पडत नाही, पण आतलं अंडं फुटतं. डोक्याचंही तसंच. रक्त नाही, टेंगूळ नाही, माणूस उभा राहतो, चालतो, पण आत मार बसलेला असतो. आणि तो भरून यायच्या आत दुसरा मार बसला, अगदी हलका जरी, तरी माणूस जागच्या जागी जाऊ शकतो. शिबिरात बाकी काय शिकवलं ते मी विसरलो, हे विसरलो नाही.

मॅच संपल्या संपल्या मी आणि माझी बायको त्याला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेलो. रिक्षात त्याला उलटी झाली. बायकोने आपला पदर पुढे केला. डोक्याच्या डॉक्टरांनी फोटो काढले, तपासलं आणि सांगितलं की नशीब, रक्तस्राव नाही. पण पूर्ण विश्रांती. डोकेदुखी पूर्ण जाईपर्यंत खेळायचं नाव नको. फायनल पुढच्या रविवारी होती. मी विचारलं, रविवारी? डॉक्टर माझ्याकडे असे बघू लागले की मला स्वतःचीच लाज वाटली.

भास्कर कॉटवर पडल्या पडल्या माझा हात धरून म्हणाला, "सर, कोणाला सांगू नका. कंत्राटदाराला कळलं तर मला मशीनवर उभं करायचा नाय. आन् ते कंपनीचे साहेब... डोक्याचा पेशंट म्हणून कोण घेईल सर मला?"

त्याचं खरं होतं. मी म्हणालो, "नाही सांगणार. पण रविवारी तू खेळायचं नाहीस."

"बरं, सर."

माझी बायको साक्षीला आहे. तो 'बरं' म्हणाला. आणि थोड्या वेळाने त्याने मला विचारलं, "सर, मॅच कोण जिंकलं?"

पुढचा आठवडा माझ्या आयुष्यातला सगळ्यात घाणेरडा आठवडा. मी ग्रुपवर लिहिलं की भास्करचा पाय मुरगळलाय, फायनलला तो नसेल. दोन दिवस लोक हळहळले. मग कोणीतरी सीबीएसला बस पकडायला पळणाऱ्या भास्करचा व्हिडिओ काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "हा बघा लंगडा." झालं. कोच खोटारडा ठरला.

एकदा खोटारडा ठरला की माणूस काय काय ठरतो! समोरच्या टीमकडून पैसे घेतलेत. स्वतःच्या शाळेतल्या मुलाला पुढे आणायचंय. एकाने लिहिलं की पोरगा पेठचा, आदिवासी, म्हणून सर त्याला मोठा होऊ देत नाहीत. हे वाचलं तेव्हा मी फोन भिंतीवर फेकणार होतो, बायकोने हातातून काढून घेतला. जेलरोडला भाजी घ्यायला गेली तर भाजीवालीने वजन करता करता तिला विचारलं, "वहिनी, सर त्या पोराचं वाटोळं का करतात हो?" माझी बायको भाजी तिथेच ठेवून घरी आली.

आणि भास्कर? तो रोज सकाळी माझ्या दारात. "सर, मी बरा हाय आता." उन्हात डोळे बारीक करून उभा राहायचा, बोलताना कपाळ दाबायचा, आणि म्हणायचा बरा हाय. मी विचारायचो, "दुखतंय का?" तो म्हणायचा, "थोडंसं." मी म्हणायचो, "मग नाही." तो गप निघून जायचा. शनिवारी मी त्याच्या खोलीवर गेलो, त्याचे बूट घेतले आणि माझ्या स्कूटरच्या डिकीत घालून कुलूप लावलं. वयाने वाढलेल्या मुलाचे बूट लपवायची वेळ माझ्यावर आली होती.

फायनल मालेगावच्या टीमशी. चांगली टीम, सुंदर खेळणारी पोरं. मैदान भरलेलं, भिंतीवर तर माणसांच्या मांडीवर माणसं. कंपनीचे साहेब मंडपात खुर्चीवर. भास्कर जर्सी घालून, पायात चपला, बाकावर माझ्या शेजारी. पहिला अर्धा भाग बरोबरीत गेला. दुसऱ्या भागात मालेगावने गोल केला आणि भिंत पेटली. "भास्कर! भास्कर! भास्कर!"

तो उठला आणि माझ्या पायाशी वाकला. "सर, पाच मिनिटं. नुसती पाच मिनिटं द्या. साहेब बघतायत."

"खाली बस."

"सर, आयुष्यात परत असा चान्स नाय यायचा."

"खाली बस म्हटलं ना!"

तेवढ्यात नाना भिंतीवरून उतरले. सगळ्या भिंतीसमोर, सगळ्यांच्या टाळ्यांत, ते बाकापाशी आले. हातात बुटांची जोडी. भिंतीवरच्या कोणातरी पोराच्या पायातून काढलेली. "घाल रे भास्कर. सरांकडं नको बघू. ही टीम वस्तीची हाय, सरांच्या बापाची नाय." आणि भास्करने बूट हातात घेतले. पायात घालू लागला.

त्या क्षणी मला काय झालं माहीत नाही. म्हणजे, नीट माहीत आहे, मला राग आला. आयुष्यात कधी आला नाही इतका. त्या पोराचं डोकं फुटायला एक टक्कर पुरे होती आणि ही सगळी माणसं टाळ्या वाजवून त्याला तिकडे पाठवत होती, आणि ते सगळं प्रेमाने! मी तो बूट त्याच्या पायातून ओढला, दुसरा हातातून हिसकावला आणि दोन्ही मैदानामागच्या नाल्यात भिरकावले. नानांना म्हणालो, "पुन्हा इथे पाय ठेवलात तर तुम्हालाही तिथेच टाकीन."

आम्ही एका गोलने हरलो. साहेब कोणाशी न बोलता गाडीत बसून गेले. मी मैदानातून निघालो तेव्हा भिंतीवरून कोणीतरी माझ्या पाठीत चप्पल मारली. ती मला लागली. मी वळून बघितलं नाही, कारण चेहरा दिसला असता तर तो मला कायम लक्षात राहिला असता, आणि मला याच वस्तीत राहायचं होतं.

लगेचच शेडमध्ये जाजम पडलं. मी उभा राहिलो. आमच्या मंडळाचे अध्यक्ष बापू आहेर तसे भले माणूस, मान खाली घालून बसले होते. भास्कर शेवटच्या रांगेत, खांबाला टेकून. नाना उठले.

"सर, एकच सांगा. भास्करच्या पायाला लागलं होतं का?"

"नाही."

"मग का नाय उतरवला?"

एक वाक्य. फक्त एक वाक्य बोललो असतो तर ती सगळी भिंत माझ्या पाया पडली असती. मी भास्करकडे बघितलं. तो जाजमाकडे बघत होता. त्याचा कंत्राटदारसुद्धा त्याच वस्तीतला, दुसऱ्या रांगेत बसलेला. मी म्हणालो, "मला योग्य वाटलं नाही."

मग जो गोंधळ झाला तो सांगत नाही. मला नारळ मिळाला. आमच्याकडे तो खराखुरा देतात, शालीसकट, फोटो काढून. शाल बापूंनी घातली. घालताना हळूच म्हणाले, "सर, काहीतरी बोलायचं होतंत." मी तो नारळ घरी आणला. बायकोने विचारलंसुद्धा नाही. चटणी केली.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण पुढच्यात माझा काही भाग नाही. भास्करची डोकेदुखी जायला बरेच आठवडे लागले. मी त्याला डॉक्टरांकडे नेत होतो, तेही लपूनछपून. पुढच्या सीझनला नवीन कोच आला. भास्कर बरा होऊन मैदानात उतरला, अफाट खेळला आणि त्याच कंपनीने त्याला घेतलं. कायम. भिंतीने नव्या कोचला खांद्यावर घेतलं. "बघा, पोरगं तेच, कोच बदलला तर कुठं गेलं!" मी ते ग्रुपवर वाचलं. कोणीतरी मला ग्रुपमधून काढायला विसरलं होतं.

यंदा मंडळाने जुन्या कोच आणि खेळाडूंचा सत्कार ठेवला. मला जायचं नव्हतं. बायको म्हणाली, चला, लोक विसरले असतील. कोणी काही विसरलं नव्हतं. नाना आता काठी घेऊन चालतात, मला बघून म्हणाले, "या सर, आज बूट आणले नायत मी." सगळे हसले. मीही दात दाखवले.

मग भास्कर बोलायला उठला. अंगाने भरलाय, इस्त्रीचा शर्ट, बायको समोर बसलेली, चारेक वर्षांची मुलगी खांद्यावर. लाजरेपणा पार गेलाय. माईक हातात घेऊन छान बोलला, सगळ्यांची नावं घेतली, बापूंची, नानांची, माझंही. आणि मग म्हणाला, "एकच सल राहिली. त्या फायनलला सरांनी मला उतरवलं असतं ना, तर कप आपला होता. मी तयार होतो. सर लय मोठे कोच, पण त्या दिवशी सरांचा अंदाज चुकला." शेडभर टाळ्या. नाना काठी आपटून दाद देत होते. माझ्या शेजारी माझी बायको अशी काही ताठ बसली की मला वाटलं ही आता उठते.

मीच उठलो. कार्यक्रम संपल्यावर त्याला बाजूला घेतलं. त्याला कायम होऊन वर्षं झाली होती, आता कोणाचं काही बिघडणार नव्हतं. मी सगळं सांगितलं. डोक्यावर आदळलेलं डोकं. आपल्याच गोलकडे तोंड करून उभं राहणं. रिक्षा, उलटी, बायकोचा पदर, डॉक्टर, हात धरून घेतलेलं वचन. नंतरच्या डॉक्टरच्या फेऱ्या. माझा आवाज चढत गेला, नाना आणि बाकीचे चारपाच जण जवळ आले. माझी बायको मान हलवून दुजोरा देत होती.

भास्कर नीट ऐकत होता. मग तो हसला. चेष्टेने नाही हो, मायेने हसला. म्हाताऱ्या माणसाला सांभाळून घ्यावं तसा.

"डॉक्टरकडं गेलो होतो आपण, ते आठवतंय, सर. जरा डोकं दुखायचं तेव्हा. पण हे बाकीचं... नाय सर. एवढं सगळं झालं असतं तर मला आठवलं नसतं का?"

मला त्या शेडमधली प्रत्येक खुर्ची उचलून आपटावीशी वाटली. आणि त्याच वेळी त्याची मुलगी खांद्यावर बसून, दोन्ही मुठींनी, बापाच्या डोक्यावर ढोल वाजवत होती. धपाधप, जीव खाऊन, टाळूवर. तो हसत होता.

"ए!" मी असा ओरडलो की शेड गप्प झाली. "डोक्यावर मारू नकोस त्याच्या!"

पोरगी दचकली आणि भोकाड पसरून रडायला लागली. भास्करने तिला खांद्यावरून उतरवून पोटाशी घेतलं. नाना काठीवर रेलून म्हणाले, "सरांचा स्वभाव काय बदलायचा नाय."